बिजागरीखालचा रंग

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझ्याकडे बोट दाखवून 'हा कुठल्या डब्याचा पत्रा?' असं विचारू नका. मागच्या आठवड्यात एकाने विचारलं आणि माझा सबंध दिवस वाया गेला. मी झडप आहे, जुनी आहे, आणि विमानाची आहे. लांबीला दोन वीत, रुंदीला दीड वीत, कोपरे गोलसर, अंग अ‍ॅल्युमिनियमचं. वजनाला इतकी हलकी की मला एका हाताने उचलता येतं, पण माझ्यावर बसून मोठमोठ्या माणसांनी बुटांच्या नाड्या बांधल्या तरी मी वाकले नाही. वाकणं माझ्या स्वभावात नाही. आता मला भिंतीवर टांगलंय, माझ्याकडे वेळच वेळ आहे. तुम्हालाही असेल तर ऐका.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. महायुद्ध चालू होतं आणि तिथे जर्मनांची विमानं बनत होती. एका यंत्राने मला कापलं, दुसऱ्याने दाबलं, आणि मग मला विमानाच्या कुशीवर, शेपटीच्या जरा अलीकडे बसवलं. माझ्यामागे एक छोटा कप्पा होता. त्यात मलमपट्टीची पेटी असायची. म्हणून माझ्या अंगावर एक लहानसा लाल क्रॉस काढला होता. बाकीच्या पत्र्यांना बंदुका सांभाळायच्या होत्या, पेट्रोल सांभाळायचं होतं. माझ्या वाट्याला कापूस आणि पट्ट्या आल्या. मी तेव्हाही स्वतःला नशीबवान समजत होते आणि आजही समजते.

मग रंगाची पाळी आली. रंगवायला एक बाई होती, तोंडाला फडकं बांधलेली. ती तिथे आपल्या मर्जीने आलेली नव्हती. तिला कुठून तरी आणून कामाला जुंपलं होतं. ती कोणाशी बोलायची नाही, पण तिचा हात फार स्वच्छ होता. तिने फवारा उचलला, आणि मला वाटलं आता काळा रंग येणार. कारण आमचं विमान रात्रीचं होतं. रात्री उडायचं, अंधारात दुसऱ्यांची विमानं शोधायची आणि पाडायची, हे त्याचं काम. अशा विमानाला काळ्याशिवाय दुसरा कोणता रंग देणार?

पण फवाऱ्यातून आला फिका, निळसर करडा रंग. पहाटे धुकं विरताना आभाळ असतं ना, तसा. त्यावर तिने गडद करड्या रंगाचे गोल गोल डाग उडवले, कडा विरलेले, ढगांच्या सावल्यांसारखे. मी मनात म्हटलं, या बाईचं काहीतरी चुकतंय.

चुकत नव्हतं, मित्रांनो. युद्धाच्या सुरुवातीला रात्रीची विमानं काळीच रंगवत. पुढे वैमानिकांच्या ध्यानात आलं की रात्रीचं आभाळ काळंकुट्ट नसतं. चांदणं असतं, ढगांवर उजेड पडलेला असतो, आणि त्यावर काळं विमान उलट उठून दिसतं, पांढऱ्या चादरीवर पडलेल्या शाईच्या डागासारखं. फिका रंग मात्र आभाळात विरघळतो. म्हणून आमची पाठ आणि कुशी फिक्या झाल्या. हे लक्षात ठेवा, कारण याच एका गोष्टीपायी एका बाईला ऐंशी वर्षं टोमणे खावे लागले.

आमच्या विमानाने जे केलं त्याची बढाई मी मारणार नाही. ते काम चांगलं नव्हतं. वर गेलेली सगळी माणसं खाली परत यायची नाहीत, ना आमची, ना त्यांची. माझा कप्पा तीनदा उघडला गेला, तेवढं मी मोजलेलं आहे.

एका पहाटे आमचं एक इंजिन बंद पडलं आणि आम्ही कौलांच्या एका कारखान्यामागच्या शेतात पोटावर घसरत जाऊन थांबलो. आतून तीन माणसं उतरली. त्यातला एक लंगडत होता. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि झाडीत निघून गेले. मलमपट्टीची आठवण एकालाही राहिली नाही.

उजाडलं तेव्हा शेताच्या कडेच्या घरातून दोघी जणी आल्या. एक कौलांच्या कारखान्यात काम करणारी बाई आणि तिची सात वर्षांची मुलगी. घरात मुलीचा धाकटा भाऊ होता, दोन वर्षांचा. आदल्याच दिवशी तो कोळशाच्या उघड्या पेटीच्या काठावर चढला होता, तोल जाऊन शेगडीवर गेला आणि त्याचा पाय भाजला होता. गावात पट्टी मिळत नव्हती. बाईने माझ्यावरचा लाल क्रॉस पाहिला, रुमालाच्या गाठीतून एक नाणं काढलं, माझे स्क्रू फिरवले आणि पेटी बाहेर घेतली. मग जरा थबकली आणि मलाही काखेत मारलं.

मुलगी म्हणाली, "आई, हे कशाला?"

"कोळशाच्या पेटीला झाकण नको? उद्या दुसरा पाय भाजून घेईल तो."

मुलगी मात्र जाता जाता मागे वळून विमानाकडे बघत होती. फिकं, निळसर, डागाडागांचं विमान, दवाने ओलं झालेलं. ती इतका वेळ बघत राहिली की आईने तिचा कान धरला. तिने तेव्हा जे पाहिलं ते नीट पाहिलं. एवढी मी साक्ष देते.

घरी गेल्यावर बाईने मला एका फळीवर ठोकलं आणि वरच्या बाजूने लोखंडी बिजागरी बसवली, तळहाताएवढी रुंद पट्टी, चार स्क्रूंची. झालं, मी कोळशाच्या पेटीचं झाकण झाले. बाळाच्या पायाला पट्टी बांधली गेली. सगळं ठीक चाललं होतं.

गावातलं दुसरं कोणी भीतीने विमानाकडे फिरकलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सैनिक आले. ते विमानाचे तुकडे करून ट्रकमध्ये भरू लागले आणि दवंडी फिरली, की विमानाचा एक खिळा जरी कोणाच्या घरात सापडला तरी त्याची धडगत नाही. बाईने त्याच दुपारी वाळू आणि विटेचा तुकडा घेतला आणि मला घासायला सुरुवात केली. क्रॉस गेला. डाग गेले. फिका रंग गेला. बिजागरीच्या भोवतीही तिने इतकं घासलं की तिची बोटं सोलवटली. मी खाली नुसती धातूची राहिले. मग तिने मुलीला सांगितलं, "शेगडीचा काळा आण." मुलीने रंगाचा डबा दोन्ही हातांनी धरून ठेवला आणि आईने माझ्या तोंडाला, बिजागरीसकट, काळं फासलं.

दुसऱ्या दिवशी घराची झडती झाली. एका सैनिकाने गाद्या उलथल्या, डबे पालथे घातले, आणि दमला तेव्हा माझ्यावर बसून बुटाची नाडी बांधली! बाई भिंतीला टेकून उभी होती. मुलगी हसू दाबायला म्हणून ओठ चावत होती. सैनिक गेल्यावर बाईने तिला जवळ घेतलं आणि बजावलं, "या झाकणाचं नाव कधी काढायचं नाही. कळलं?"

मुलीने शब्द पाळला. झाकणाबद्दल बोलली नाही. पण विमानाबद्दल बोलू नको असं आई कुठे म्हणाली होती? शाळेत गुरुजींनी विमान काढायला सांगितलं तर तिने पांढऱ्या कागदावर पेन्सिलीने हलके हलके डाग काढले.

गुरुजी म्हणाले, "रात्रीचं विमान काळं असतं. एवढी साधी गोष्ट कळत नाही?"

"मी बघितलंय, गुरुजी. कबुतरासारखं होतं."

शेजारच्या बाकावरचा पोरगा ओरडला, "गुरुजी, हिने पांढरा कावळा बघितलाय!" सगळा वर्ग हसला. गुरुजींनी तिला उभं केलं आणि काळं विमान काढेपर्यंत बसू देणार नाही म्हणाले. ती शाळा सुटेपर्यंत उभी राहिली. काळं विमान काढलं नाही.

त्या दिवसापासून तिचं नाव पडलं 'पांढरी कावळी'. युद्ध संपलं, नाव संपलं नाही. तिच्या लग्नात कोणी तरी ते मोठ्याने म्हटलं. बाजारात ती एखाद्या भाजीला शिळी म्हणाली की भाजीवाली म्हणायची, "तुम्हाला काय, तुम्हाला रात्रीचं विमान पांढरं दिसतं." ती फटकळ बाई होती, समोरच्याला जागच्या जागी उत्तर द्यायची. पण आईच्या घरी येऊन माझ्यावर बसायची आणि बोटांनी माझी बिजागरी चाचपत राहायची, हे कोणाला माहीत? मला माहीत.

आई गेल्यावर तिने घरच्यांना माझी गोष्ट सांगितली. पण तोवर काळ्यावर हिरवा रंग चढला होता. पुढे पांढरा, मग आकाशी, मग तपकिरी. घरात कोळसा जळेनासा झाला तशी माझी पेटी आधी बुटांची झाली, नंतर खेळण्यांची. तो भाजलेल्या पायाचा धाकटा भाऊ मोठा झाला, त्याला मुलगा झाला, आणि तो मुलगा माझ्यावर घोडा घोडा खेळला. मग तोही मोठा झाला. मी त्याच्या कामाच्या खोलीत कोपऱ्यात गेले. माझ्यावर प्लॅस्टरची पोती ठेवली गेली, ओलं प्लॅस्टर सांडून माझ्यावर वाळलं, आणि कित्येक वर्षं कोणी फडकंसुद्धा फिरवलं नाही. मित्रांनो, ज्याच्यावर सारखं काहीतरी ठेवलेलं असतं त्याच्याकडे कोणी बघत नाही.

आता या मुलाबद्दल, म्हणजे पांढऱ्या कावळीच्या भाच्याबद्दल सांगते. तो दात बनवतो. लोकांच्या कवळ्या, एकेकटे दात, सगळं. त्याच्या टेबलावर दातांच्या रंगांची एक पट्टी असते, तिच्यावर पांढऱ्याच्या सोळा छटा. तुम्हाला पांढरा म्हणजे पांढरा वाटतो, त्याला त्यात सोळा दिसतात. कामातून उरलेल्या वेळात तो लहान लहान विमानं जोडतो. पण नुसती जोडत नाही. कुठल्या विमानाला कुठल्या साली कोणता लपायचा रंग होता, हे शोधायला तो जुनी पुस्तकं चाळतो, दूरदूरच्या दोस्तांना पत्रं लिहितो, काळेपांढरे फोटो भिंग लावून बघतो. त्याचा एक नियम आहे, आणि तो तो सारखा ऐकवतो. "रंगाच्या बाबतीत माणसाची आठवण म्हणजे पुरावा नाही." तुम्हाला काय वाटतं, हा नियम त्याने कोणासमोर सर्वांत जास्त वेळा ऐकवला असेल? आत्यासमोर.

एके दिवशी गावच्या संग्रहालयातून माणूस आला. युद्धाच्या आठवणींचं एक कपाट करायचं होतं, आणि त्यात कौलांच्या कारखान्यामागे पडलेल्या त्या विमानाचं मॉडेल हवं होतं. भाचा हरखला. त्याने मॉडेल जोडलं, आणि रंगाचा पुरावा म्हणून त्याला माझी आठवण झाली. पोती बाजूला झाली. मला वाटलं, आले माझे दिवस!

त्याने पाणी लावून बारीक पॉलिश पेपर घेतला आणि माझ्या अंगाच्या मधोमध एक नाण्याएवढी जागा हळूहळू घासली. वरचा तपकिरी, त्याच्या आत आकाशी, मग पांढरा, मग हिरवा, अशी झाडाच्या बुंध्यासारखी वलयं दिसू लागली. हिरव्याच्या आत काळं वलय आलं. काळ्याच्या आत नुसता चकचकीत धातू.

"काळा!" तो खुर्चीतून उठलाच. "पहिला थर काळा. खाली काही नाही."

मी आतल्या आत ओरडले, 'अरे शहाण्या, तो शेगडीचा आहे! त्याच्या आधीचा घासून काढलाय!' पण पत्र्याला तोंड असतं तर काय हवं होतं? त्याची चूक तरी कशी म्हणू? त्याने नीट काम केलं होतं. धातूला लागून जो थर तो पहिला, हा हिशोब बरोबरच होता. फक्त एका बाईच्या भीतीचा हिशोब त्यात नव्हता.

त्याने दोस्तांना फोटो पाठवले. सगळ्यांनी शाबासकी दिली. मॉडेल काळंभोर झालं. एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण त्याने ठरवलं की मला रंग काढायच्या औषधात बुडवायचं, सगळे थर उतरवायचे, लख्ख करायचं, आणि मॉडेलशेजारी चमकत ठेवायचं. औषधाचा मोठा चौकोनी ट्रे टेबलावर आला. बिजागरी तशीच ठेवून तो मला अख्खी बुडवणार होता. ते औषध फटीफटीत शिरतं, मित्रांनो. एकदा शिरलं की जगात त्या विमानाच्या रंगाचा कणही उरणार नव्हता.

त्याच सकाळी दारात काठी वाजली. आत्या आली होती. वय सत्त्याऐंशी. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं. कवळी हिरडीला टोचत होती म्हणून आली होती.

"खालचा उजवा कोपरा टोचतोय. आणि घाई करू नकोस, मागच्या वेळी घाई केलीस म्हणून तर ही पाळी."

"बस आत्या. आ कर."

तिने आ केला नाही. तिचा चांगला डोळा टेबलावर गेला होता. "ते काय आहे?"

"आपलं विमान. संग्रहालयासाठी."

"आपलं विमान काळं नव्हतं."

भाच्याने सुस्कारा टाकला. "आत्या, आता पुरावा आहे माझ्याकडे. झाकण घासलं मी. हा बघ, तळाला काळा. खाली धातू."

आत्या वाकली. नाण्याएवढ्या वलयांकडे तिने बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "हा काळा माझ्या आईने लावलाय. शेगडीचा. डबा मी धरला होता."

"मग त्याच्याखाली विमानाचा रंग हवा ना? कुठे आहे?"

"तिने घासून काढला. वाळूने. विटेने."

"असं होय," भाचा म्हणाला. तो वाईट माणूस नाही, पण त्याच्या आवाजात ती गुरुजींची शाळा होती, आणि ती तिने ओळखली. "तू लहान होतीस, आत्या. आणि धुकं होतं. रागावू नकोस, पण तुझ्या एका डोळ्यात अजून मोतीबिंदू आहे. तुला आज माझा शर्ट कुठल्या रंगाचा दिसतो?"

"या डोळ्याने निळा, आणि या डोळ्याने चहा सांडल्यासारखा. तेव्हा मी सात वर्षांची होते, माझ्या दोन्ही डोळ्यांत आभाळ होतं!" मग तिचा आवाज उतरला. "हे बघ. लोक हसले तेव्हा मी त्यांना उत्तर दिलं. आता हे काचेच्या कपाटात जाणार. मी मेल्यावर तिथे कोण उत्तर देणार? पोरं येतील, काळं विमान बघतील आणि म्हणतील, म्हातारी जन्मभर खोटं बोलली."

भाच्याने टेबलावरचं काळं विमान जरा मागे सरकवलं. पण त्याने ट्रेकडे पाहिलं आणि मला उचलायला हात पुढे केला. मी अजून पेटीवरच होते. तेव्हा आत्याने जे केलं ते मी कधी विसरणार नाही. ती सरळ येऊन माझ्यावर बसली. काठी मांडीवर आडवी घेतली.

"आत्या, ऊठ."

"नाही उठत."

"मला उद्या दुपारपर्यंत द्यायचंय."

"दे. माझ्यासकट दे. कपाटात जागा असेल तर मीही बसते, मांडी घालून."

भाच्याची बायको चहा घेऊन आली आणि दारातच हसू लागली. "अहो, त्यांना उठवायला निघालात? सासूबाई गेल्या हात टेकून, तुम्ही काय उठवणार?"

"तू हसू नकोस गं," आत्या म्हणाली. "चहा इकडे दे."

ती चहा प्यायली. कपाच्या बशीवर बोट वाजवत राहिली. आणि चहा पिता पिता तिचा हात नकळत मागे गेला, माझ्या बिजागरीवर. जन्मभर ती माझ्यावर बसली की तिचा हात तिथेच जायचा. आज तो तिथे थांबला.

"बिजागरी आधी लावली," ती हळूच म्हणाली.

"काय?"

"आईने पहिल्याच दिवशी बिजागरी लावली. घासलं तिसऱ्या दिवशी. बिजागरी काढली नव्हती तिने, वेळ कुठे होता? भोवतीने घासलं, बोटं सोलली तिची. वरून काळा फासला. मग मला सांग, दातवाल्या, बिजागरीच्या खाली कोण घासायला गेलं होतं?"

भाच्याने आधी आत्याकडे पाहिलं, मग ट्रेकडे. मग त्याने ट्रेवर झाकण ठेवलं, आणि माझा जीव भांड्यात पडला.

आत्या उठली. स्क्रू निघेनात. खाचा रंगाने बुजलेल्या, आत गंज. भाच्याने दातांवरचा मळ काढायची टोकदार सळई घेतली आणि एकेक खाच कोरून मोकळी केली. तेल सोडलं. पहिला स्क्रू करकरला. दुसऱ्याचं डोकंच तुटलं. "सावकाश," आत्या म्हणत होती, "तुझ्या आजीने नाण्याने बसवलेत ते, आणि तुला इतक्या हत्यारांनी निघत नाहीत." चौथा निघायला अर्धा तास लागला. मग त्याने पातळ पातं पट्टीखाली सरकवलं आणि बिजागरी उचलली.

ऐंशी वर्षांनी माझ्या त्या जागेला हवा लागली. तळहाताएवढी पट्टी, कडेने गंजाची तपकिरी रेघ, आणि आत फिका, निळसर करडा रंग. पहाटेचं आभाळ. एका टोकाला एका गडद डागाची विरलेली कड. आणि अगदी कोपऱ्यात लाल क्रॉसच्या एका हाताचं टोक, नखाएवढं.

भाचा खाली बसला. फरशीवरच. मग म्हणाला, "आत्या."

"काय?"

"कबुतरासारखं."

"मी दुसरं काय म्हणत होते?" आत्या म्हणाली, आणि रुमालाने तो चांगला डोळाही पुसला आणि वाईटही.

त्यानंतरचे आठ दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत मानाचे. भाच्याने संग्रहालयातून मुदत वाढवून घेतली. तो रंग जमवायला बसला, आणि अगदी दात जमवतो तसा बसला. खोलीतले दिवे बंद. दुपारी बारा ते दोन, खिडकीपाशी, ऊन थेट येणार नाही अशा जागी. माझ्या पट्टीकडे एका वेळी फक्त पाच मोजेपर्यंत बघायचं. नंतर एका करड्या पुठ्ठ्याकडे बघून डोळा विसावायचा, कारण डोळा दमला की तो खोटं बोलतो. प्रत्येक मिश्रण छोट्या पुठ्ठ्यावर, प्रत्येक पुठ्ठ्याला आकडा. गंजाच्या जवळचा भाग पिवळा पडला होता, तो सोडून मधलाच घ्यायचा. त्याने दोस्तांना पुन्हा पत्रं लिहिली आणि स्वच्छ शब्दांत लिहिलं, 'माझी चूक झाली.' त्यातल्या एकाने जुने फोटो पुन्हा काढून पाहिले. त्यात ती विमानं फिकीच दिसत होती. आधी सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की तो कॅमेऱ्याचा उजेड आहे!

आत्या रोज यायची. कवळीचा कोपरा पहिल्याच दिवशी नीट झाला होता, तरी यायची. वाईट डोळ्यावर हात ठेवून पुठ्ठे बघायची.

"हा निळा जास्त. हा मेलेला. हा बरा आहे, पण यात दव नाही."

"दव रंगात कसं आणू?"

"ते तू बघ. माझे दात जमले, हे का जमत नाही?"

एकोणिसावा पुठ्ठा माझ्या पट्टीवर ठेवला तेव्हा त्याची कडच दिसेनाशी झाली. त्याने काळं विमान हलक्या हाताने पुसून उतरवलं आणि नवा रंग दिला. डाग द्यायला त्याने स्पंजाचा मुगाएवढा तुकडा चिमट्यात धरला. आत्या शेजारी बसून श्वास रोखून बघत होती, जणू तिच्या श्वासाने डाग उडतील.

कपाट उघडायच्या दिवशी संग्रहालयात माणसं जमली. काचेआड ते फिकं विमान, आणि शेजारी भिंतीवर मी. मला लख्ख केलं नाही. नाण्याएवढी वलयं तशीच आहेत, प्लॅस्टरचा एक थेंबसुद्धा तसाच आहे, आणि बिजागरी जरा वर उचलून बसवली आहे, म्हणजे खालची पट्टी दिसते. खाली पाटी आहे. तिच्यावर लिहिलंय की रंगाची पहिली साक्ष सात वर्षांच्या एका मुलीने दिली, आणि पुढे आत्याचं पूर्ण नाव. तिच्या नावाची अक्षरं माझ्या नावाच्या अक्षरांपेक्षा मोठी आहेत. मला जरा लागलं, पण असू दे, तिने जास्त वाट पाहिली.

गर्दीतून एक म्हातारा काठी टेकत पुढे आला. तोच तो, शेजारच्या बाकावरचा, ज्याने तिला नाव दिलं होतं. काचेला नाक लावून त्याने विमान पाहिलं, मग मला पाहिलं, मग परत विमान.

"कावळे," तो म्हणाला, "खरंच पांढरं होतं की गं."

"ऐंशी वर्षं लागली तुला बघायला," आत्या म्हणाली. "चष्मा बदल." आणि मग बसली होती त्या बाकावर सरकून त्याला जागा केली.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. घरातली जुनी वस्तू टाकायला काढाल, किंवा घासूनपुसून चकचकीत करायला घ्याल, तेव्हा आधी घरातल्या सर्वांत जुन्या माणसाला विचारा. ते माणूस एखादं उत्तर तिसऱ्यांदा देत असेल तर तिसऱ्यांदा ऐका. त्याच्याकडे पुरावा नसेल, तर पुरावा शोधायला त्याला मदत करा. आमच्यासारख्यांना तोंड नसतं, आणि ज्यांना असतं त्यांना आपण हसून गप्प करतो.

माझी पेटी अजून भाच्याच्या खोलीत आहे. तिला त्याने नवं झाकण केलं, प्लायवूडचं. कुठला रंग द्यायचा म्हणून आत्याला विचारलं. आत्या म्हणाली, "काळा."

"काळा? तूच?"

"हो, काळाच. पण मीच लावणार, आणि त्याआधी बिजागरी मला लावू दे."

तिने बिजागरी स्वतः लावली, चष्मा नाकावर आणि नाणं हातात. पण लावायच्या आधी त्या जागेच्या कोऱ्या लाकडावर पेन्सिलने तारीख टाकली, आणि खाली मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं, 'हा काळा मी लावला. मला विचारा.'